एक धागा काढला तर

दुधासाखरेचा चहा लॅपटॉपवर सांडला की नुकसान लगेच दिसत नाही. पडदा चालू असतो, अक्षरंही उमटत असतात. आत मात्र चहा बटणांखालच्या रबरी टोप्यांना वळसा घालून प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांमध्ये शिरलेला असतो. या पापुद्र्यांवर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात. बटण दाबलं की वरची रेषा खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटतं. पाणी वाळून जातं, साखर आणि दूध मागे राहतात. बॅटरी जोडलेलीच असेल तर ओल्या जागेतून वीज वाहत राहते आणि बोर्डावरचा धातू झपाट्यानं गंजतो. म्हणून कारागीर पहिलं विचारतो: लगेच बंद केला होता का?

मालकाचा प्रश्न वेगळा असतो. नुसता कीबोर्ड बदलून मिळेल का?

जुन्या लॅपटॉपमध्ये याचं उत्तर सोपं होतं. चार-सहा स्क्रू काढायचे, रिबन सोडवायची, नवा कीबोर्ड बसवायचा. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत तर सांडलेलं पाणी खालून निघून जावं म्हणून निचऱ्याच्या वाटाच ठेवलेल्या होत्या. पुढे यंत्रं पातळ होत गेली. आता बऱ्याच लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या आवरणाला, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘सी पॅनेल’ला, वितळवलेल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी जखडलेला असतो. २०१२ सालच्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये त्याच आवरणाला बॅटरीही चिकटवलेली होती. एक अक्षर उमटेनासं झालं की कीबोर्ड, आवरण आणि धडधाकट बॅटरी असं सगळं मिळून ‘एक भाग’ ठरतं.

वस्तू एक की अनेक, हा वाद भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं घातला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून निराळी आणि खरीखुरी असते. कापडातून एक धागा काढला तर जुनं कापड नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं कापड, ‘खंडपट’, जन्माला आलं, असं म्हणण्यापर्यंत ते आपल्या मताशी प्रामाणिक राहिले. बौद्धांना हे मान्य नव्हतं. ‘मिलिंदपञ्हा’त भदंत नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाबद्दल विचारतात की आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का. एकेक भाग बाजूला होत जातो आणि शेवटी उरतं ते एवढंच, की हे भाग जुळून आले म्हणजे व्यवहारात ‘रथ’ हे नाव चालतं.

जैन आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त हाच पेच माणसाच्या मनापर्यंत आणला. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि ज्याला सोनंच हवं होतं तो शांत राहतो. लॅपटॉपमधलं सोनं कोणतं? बहुतेकांचं उत्तर तयार असतं: आतल्या फायली. त्या नव्या यंत्रात नेल्या की झालं. हे उत्तर घाईचं आहे.

पुरीच्या नवकलेवरात जगन्नाथाच्या जुन्या काष्ठमूर्तीच्या जागी कडुनिंबाची नवी मूर्ती येते. अधिक आषाढाच्या वर्षी हा विधी होतो. १९७७, १९९६ आणि २०१५ ही अलीकडची वर्षं. परंपरेनं रात्रीच्या काळोखात, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि हातांना कापड गुंडाळून, दैतापती सेवक जुन्या देहातला ब्रह्मपदार्थ नव्या देहात ठेवतात. तत्त्व तेच, देव तोच. तरीही जुन्या मूर्तीला कोइली वैकुंठात समाधी दिली जाते आणि दैतापती घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. सार पुढे गेलं तरी ज्यानं ते वागवलं त्या लाकडाचं ऋण उरतं, ही या विधीची समज विलक्षण आहे. पंढरपूरची वाट निराळी. विठ्ठलाची मूर्ती झिजते, विशेषतः पावलांपाशी, कारण तिथं असंख्य माथे टेकले आहेत. ती बदलत नाहीत. तिला वज्रलेप करतात, २०२० मध्येही केला गेला.

बदलायचं की जपायचं, हे दोन्हीकडे त्या मूर्तीच्या सहवासात राहणाऱ्यांनी ठरवलं. वितळवलेली खुंटी तो निर्णय कारखान्यातच घेऊन टाकते, आणि खटकतं ते हेच. मिलिंदाच्या रथाचं चाक निघत होतं. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण दाखवणं बंधनकारक केलं. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. ग्राहकाला निदान आधी कळावं, की आपण घेतो त्याचे भाग सुटे होतात की नाही.

काही कारागीर मात्र अशी जखडलेली यंत्रंही सोडत नाहीत. एकेक खुंटी तासून जुना कीबोर्ड उचलतात, नवा ठेवतात आणि उरलेलं प्लास्टिक सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकानं पुन्हा दाबून बसवतात. अशा खुंट्या कितीतरी असतात आणि काम मान मोडून करावं लागतं. मग रिबन जोडून, पॅनेल अजून उघडंच असताना, एकेक बटण दाबून पाहतात.