ऑफिस स्वतः टाकताना

आपल्याकडे बहुतेकांनी ऑफिस कधी इन्स्टॉल केलेलंच नसतं. कंप्युटर घेतला तेव्हा दुकानदारानं ‘विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, सगळं टाकून दिलंय’ असं सांगितलं, आपण पैसे दिले आणि घरी आलो. त्या ऑफिसचा परवाना होता का, मराठीचा फॉन्ट कुठला होता, फाइल कुठल्या प्रकारात सेव्ह होत होती, हे विचारायची वेळच आली नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीनं लाखो लोकांची कंप्युटरची भीती घालवली. ते काम फार मोठं आहे. पण त्या वर्गांतही ऑफिस म्हणजे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट हे गृहीतच होतं. पत्र लिहिणं आणि वर्ड उघडणं ही एकच क्रिया होऊन बसली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं दाराबाहेर राहिली. दोन-चार जीबी रॅमचे लॅपटॉप तर त्याआधीच रडतखडत चालत होते. अशा यंत्रांवर माणसं हलकी लिनक्स टाकू लागली: लुबुंटू, बोधी, अँटीएक्स, पपी. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, आवडलं, डिस्कवर उतरवलं. यंत्र पुन्हा चपळ झालं. आणि मग पहिला प्रश्न येतो, ‘आता अर्ज कुठे टाइप करायचा?’

बोधी लिनक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत या प्रश्नाचं तयार उत्तर नाही. ते वितरण बनवणाऱ्यांनी मुद्दाम मोजकंच सामान दिलेलं असतं, बाकीचं तुम्ही ठरवा. पपीच्या बऱ्याच आवृत्त्यांत लेखनासाठी ॲबीवर्ड आणि हिशोबासाठी न्यूमेरिक मिळतात. लुबुंटूही पूर्वी हीच जोडी द्यायची, २०१८ पासून लिब्रेऑफिस देते. नवख्या माणसाला ही रिकामी जागा अडचणीची वाटते, ते साहजिक आहे. मला ती या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. इथे त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं जातं की तुला नेमकं काय लिहायचंय, किती लिहायचंय, आणि ते कोणाला पाठवायचंय. या प्रश्नांची उत्तरं देता देता आजवर एकजीव वाटलेल्या दोन गोष्टी सुट्या होतात. एक आपला मजकूर, दुसरा तो लिहायचा प्रोग्रॅम.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहिलं की पासवर्ड विचारला जातो. बहुतेक ठिकाणी तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. नवखी व्यक्ती इथे हमखास थबकते, कीबोर्ड बिघडला की काय असं तिला वाटतं. पण एंटर दाबलं की यादी समोर येते: कुठली नवी पॅकेजं येणार, किती एमबी उतरवावे लागतील, डिस्कवर किती जागा जाईल. आणि शेवटी एकच प्रश्न, पुढे जायचं की नाही. वर्षानुवर्षं न वाचता ‘आय ॲग्री’वर क्लिक केलेल्या माणसानं ही यादी एकदा सावकाश वाचावी असं मी आग्रहानं सांगतो. नुसतं ‘लिब्रेऑफिस’ लिहिलं तर रायटर, कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, मॅथ, बेस असा सगळा संच येतो. बेसच्या काही कामांना जावा लागतं, म्हणजे आणखी भर. पत्रं आणि जमाखर्च एवढंच काम असेल तर ‘लिब्रेऑफिस-रायटर’ आणि ‘लिब्रेऑफिस-कॅल्क’ ही दोनच पॅकेजं मागता येतात. जुन्या डिस्कवर हा फरक जाणवतो. खिडक्या आणि मेनू फारच ओबडधोबड दिसले तर डेस्कटॉपशी जुळवून घेणारं एक छोटं पॅकेज राहिलेलं असतं, ‘लिब्रेऑफिस-जीटीके३’ किंवा क्यूटीचं. ते टाकलं की चेहरामोहरा सुधारतो. फ्लॅटपॅकनंही लिब्रेऑफिस मिळतं, आणि त्यात आवृत्ती ताजी असते, पण त्यासोबत येणारा पसारा या यंत्रांना झेपण्यातला नाही.

ही पॅकेजं येतात कुठून, हेही समजून घ्यायला हवं. विंडोजवर आपली सवय म्हणजे गुगलवर नाव शोधायचं, पहिल्या दिसलेल्या ‘डाउनलोड’वर क्लिक करायचं आणि सेटअप चालवायचा. त्या वाटेनं कितीजणांच्या यंत्रात व्हायरस शिरले याचा हिशोब नाही. डेबियन आणि तिच्या कुळातल्या वितरणांत सॉफ्टवेअर एका सामायिक कोठारातून येतं. तिथला माल डिजिटल सहीनं बांधलेला असतो, आणि २००७ च्या एच आवृत्तीपासून डेबियनचं ॲप्ट ती सही तपासतं. विश्वास इथेही ठेवावाच लागतो, पण तो कोणावर ठेवतोय हे दिसतं.

पहिली कसोटी मात्र इन्स्टॉल झाल्यावर लागते. कुठल्यातरी शाळेतून किंवा कार्यालयातून आलेला वर्डचा डॉक्स नमुना रायटरमध्ये उघडला जातो. एका पानाचा अर्ज दोन पानांवर सांडतो, तक्त्याच्या रेघा सरकतात, सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसते. ‘लिनक्सवर ऑफिस नीट चालत नाही’ हा निष्कर्ष माणसं इथे काढतात आणि पुष्कळदा तो कायमचा होतो. कारण मात्र बहुतेक वेळा साधं असतं. २००७ पासून वर्डचा ठरलेला फॉन्ट अनेक वर्षं कॅलिब्री होता. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असल्यामुळे लिनक्ससोबत येत नाही. त्याच्या जागी दुसरा, थोडा रुंद फॉन्ट बसला की प्रत्येक ओळ जराशी लांबते आणि पानाच्या शेवटी सगळा हिशोब चुकतो. कॅलिब्रीच्याच मापाची अक्षरं असलेला कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया हे फॉन्ट कोठारात मोफत आहेत. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्यासाठी रेड हॅटनं २००७ मध्ये लिबरेशन फॉन्ट दिले. ते टाकले की बरेचसे अर्ज जागच्या जागी बसतात.

सगळे बसत नाहीत. किचकट तक्ते आणि एक्सेलचे मॅक्रो यांनी भरलेल्या फाइली अजूनही अडतात, आणि ज्याचं पोट अशा फाइलींवर आहे त्याला लिनक्सचा आग्रह करू नये. पण या प्रसंगातून कळतं ते महत्त्वाचं आहे. आपण ज्याला आपला दस्तऐवज म्हणत होतो त्याचा आकार दुसऱ्याच्या मालकीच्या फॉन्टवर उभा होता, आणि ते आपल्याला ठाऊक नव्हतं.

लिब्रेऑफिसचा स्वतःचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. त्याचं मूळ जर्मनीत, १९८५ च्या सुमारास मार्को ब्योरिस या अगदी तरुण मुलानं लिहिलेल्या स्टाररायटरमध्ये. त्यातून स्टारऑफिस झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये ओपनऑफिस या नावानं त्याचा कोड खुला केला. २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. प्रकल्पाचं पुढे काय होणार या काळजीनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बरेच विकासक बाहेर पडले, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन उभं केलं आणि लिब्रेऑफिस जन्माला आलं. म्हणजे मालक बदलले, नावं बदलली, माणसं वेगळी झाली. पण २००५ मध्ये ओॲसिसनं आणि २००६ मध्ये आयएसओनं मान्य केलेलं ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट सर्वांसमोर लिहून ठेवलेलं होतं, म्हणून तेव्हाच्या ओडीटी फाइली आज कुठल्याही यंत्रावर उघडतात. एखाद्या ओडीटी फाइलीचं शेपूट बदलून झिप करा आणि आत पाहा. ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत तुमचा मजकूर साध्या अक्षरांत वाचता येतो, रायटर नसलं तरी.

डॉक्सही आतून झिपच आहे आणि त्याचंही मानक आहे, हे मान्य करायला हवं. पण ते मानक सहा हजार पानांहून मोठं आहे, आणि जुन्या वर्डच्या वागण्याचं बरंच ओझं ते वाहतं. २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये आयएसओत भारतानं त्याच्या विरोधात मत दिलं होतं. मानक तरीही मंजूर झालं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. धोरण आणि तलाठी कार्यालयातला संगणक यांच्यातलं अंतर पंधरा वर्षांनंतरही बरंच आहे.

मजकूर दुसऱ्याच्या साच्यात अडकला की काय होतं, हे मराठी माणसाला दुरून समजावून सांगायची गरज नाही. आपल्या भाषेनं हे सोसलं आहे. नव्वदच्या दशकापासून मराठी छपाई डीटीपीवर आली ती श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा फॉन्टांवर. इस्की हे भारतीय मानक होतं, १९९१ मध्ये ते आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्धही झालं, पण छपाईच्या दुनियेत प्रत्येक फॉन्टाची आपली वेगळी मांडणी चालली. पडद्यावर ‘क’ दिसायचा, फाइलीत मात्र रोमन लिपीतलं कुठलंतरी चिन्ह साठवलेलं असायचं. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा. अशा फाइली कितीतरी छोट्या प्रकाशकांकडे आणि दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत सीडींवर पडून आहेत. त्या हलक्या लिनक्सवर उघडल्या तर रायटरही काही करू शकत नाही, कारण मुळात तिथे मराठी साठवलेलीच नाही. लेखक आहे, लेख आहे, फाइलही शाबूत आहे, आणि वाचता येत नाही. मला यासारखं दुःख दुसरं वाटत नाही.

म्हणून ऑफिस टाकताना मराठीची बाजू पहिल्याच दिवशी नीट करून घ्यावी. नव्याकोऱ्या हलक्या वितरणात कधी कधी देवनागरीचा फॉन्टच नसतो आणि सगळीकडे चौकोन दिसतात. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून जोपासला गेलेला लोहित देवनागरी किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट टाकावा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, फक्त निवडायचा असतो. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या पुढे मराठी निवडावी, म्हणजे इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट असं नीट ठरवता येतं. २०१७ मधल्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सगळीकडे हार्फबझ हे एकच इंजिन वापरून अक्षरं जुळवतं, त्यामुळे जोडाक्षरं विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरी दिसण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. मराठीचं काम संपलेलं मात्र नाही. ‘सुऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो, दिसतो सारखाच, आणि एका पद्धतीनं शोधलं तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेला सापडत नाही. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत मिळतात, ते भाषांतर स्वयंसेवकांच्या कष्टावर चालतं, आणि तिथे हात लावायला जागा भरपूर आहे.

ज्याला इतका व्याप नको त्यानं काय करावं? ब्राउझरमध्ये गुगल डॉक्स उघडावं, असं कोणीही सांगेल. दोन जीबीच्या यंत्रावर मात्र ब्राउझर हाच पुष्कळदा सर्वांत जड प्रोग्रॅम असतो. शिवाय नेट गेलं की वही बंद. अशा यंत्रावर ॲबीवर्ड आणि न्यूमेरिक खरोखर पुरतात. ॲबीवर्ड झटकन उघडतं, आणि न्यूमेरिकची आकडेमोड चोख म्हणून नावाजलेली आहे. किचकट तक्ते त्यांना जमत नाहीत, पण घरचा हिशोब आणि सोसायटीची नोटीस यांना ते लागतही नाहीत. आपल्यासाठी ओडीटीत सेव्ह करायचं, दुसऱ्याला नुसतं वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफ करून पाठवायचं, आणि समोरच्याला त्यात बदल करायचे असतील तेव्हाच वर्डचं डॉक्स. एवढी शिस्त लागली की प्रोग्रॅम कुठला हा प्रश्न पुष्कळ हलका होतो.

केरळातल्या सरकारी शाळांनी लिनक्सकडचं हे वळण फार आधी घेतलं. तिथल्या काईट संस्थेनं उबंटूवर आधारलेली आपली प्रणाली शाळांना दिली आहे, आणि मुलं त्यावरच शिकतात. तिथल्या मुलीला रायटर परकं वाटत नाही, कारण तिनं सुरुवातच तिथून केली. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांत विंडोज १० वर अडकलेली यंत्रं आहेत. ती हलक्या लिनक्सवर नेऊन वाचकांसाठी ठेवायला फारसा खर्च येत नाही. याच यंत्रांवर जुन्या फॉन्टांतल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये उतरवायचं कामही होऊ शकतं. त्यासाठी फॉन्टागणिक वेगळी रूपांतरकं लागतात, आणि त्यांनी दिलेला मजकूर ओळीनं तपासायला ते फॉन्ट रोज वापरलेली माणसं लागतात. डीटीपीवर पंचवीस-तीस वर्षं बसलेली ती मंडळी अजून कामावर आहेत. प्रकाशकांनी आणि ग्रंथालयांनी त्यांना आत्ता बोलवायला हवं, सीडी वाचता येणारे ड्राइव्ह बाजारात मिळताहेत तोवर.