पैसे कुठून आले?



अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे. डिसेंबर १९५५मध्ये त्यांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपण ऐकले आहे. जॉर्जिया गिलमोर यांचे?

या कृष्णवर्णीय बाई स्वयंपाकीण होत्या. इतर स्वयंपाकिणी व घरकाम करणाऱ्या स्त्रियांना घेऊन त्यांनी जेवण आणि केक विकले, आणि लोकांना कामावर पोहोचवणाऱ्या गाड्यांसाठी पैसे उभे केले. गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठलाच नसलेला गट’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! बायकांची नावे फुटली असती तर गोऱ्या मालकांनी त्यांना घरी बसवले असते. १९५६ साली जॉर्जियाबाईंनी डॉ. किंग यांच्या खटल्यात उघडपणे साक्ष दिली. त्यांची नोकरी गेलीच.

उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, असे प्रभू येशूने शिकवले. पण ते देणाऱ्याला. घेणाऱ्याने विसरून जावे, असे त्यात कुठे आहे? कोणी नम्रतेने मागे राहते, कोणी भीतीने. आपण दोन्हीला ‘सेवाभाव’ म्हणून मोकळे होतो.

मीही त्यातलाच. सणाच्या मिस्सानंतर देणगीदारांची नावे एकेक करून वाचतो, आणि शेवटी ‘सर्व भगिनींचे आभार’. आदल्या रात्री हॉलमध्ये कांदे कापायला कोणकोण बसल्या होत्या, हे मला ठाऊक असते. नाव वाचू का, असे मी त्यांना कधी विचारले नाही. यंदा विचारणार आहे. ‘नको फादर’ म्हणाल्या, तर का नको, तेही विचारीन.