पायातले काटे

पायात काटा रुतला की माणूस थांबतो. ही गोष्ट मात्र पायात काटे होते म्हणून विचार करायला न थांबलेल्या माणसाची आहे. तो माणूस मीच.

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना माउंट मोनॅडनॉक नवा नाही. दक्षिण न्यू हॅम्पशायरमधला हा डोंगर ३१६५ फुटांचा, म्हणजे उंचीने आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. व्हाइट डॉट नावाच्या वाटेने सुमारे दोन मैलांत माथा येतो. थोरो या डोंगरावर चार वेळा येऊन गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागलेल्या आगींत माथ्यावरची झाडं जळाली, मग माती वाहून गेली आणि उरला तो उघडा कातळ. ऑक्टोबरमध्ये, पानं रंगली की, इथे जत्रा असते.

काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मित्र तिथे गेलो. खाली पार्किंगमध्ये स्वच्छ ऊन होतं. वर मात्र दोन-तीन इंच भुरभुरीत बर्फ आणि त्याखाली काचेसारखा कडक थर. जानेवारीत बर्फ भरपूर पडतो, लोकांच्या पायांनी तो दाबला जातो आणि त्याची बऱ्यापैकी वाट होते. नोव्हेंबरचा बर्फ फसवा. कातळातून झिरपणारं पाणी रात्री गोठतं आणि वरचा ताजा बर्फ ते झाकून टाकतो. आम्ही बुटांवर मायक्रोस्पाइक्स चढवले. रबराच्या पट्ट्याला साखळ्या आणि त्यांना पोलादी काटे, एवढंच ते साधन. पण पाय असा घट्ट बसतो की थोड्या वेळाने काटे घातलेत हेही आपण विसरतो.

उतरताना अर्ध्या वाटेवर मराठी ऐकू आलं. पुण्याहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं. अंगात जीन्स, पायात साधे स्पोर्ट्स शूज. परक्या डोंगरात आपली भाषा भेटल्याचा आनंद काय असतो ते तुम्हाला सांगायला नको! गप्पा झाल्या, फोन नंबर घेतले. "काका, वर कसं आहे? जमेल ना?" मुलीने विचारलं. "आम्ही दर रविवारी सिंहगड चढायचो."

"मग काय! थोडा बर्फ आहे, पण जमेल," मी म्हणालो आणि खाली आलो.

संध्याकाळी घरी चहा पिताना सहज घड्याळ पाहिलं. त्या दिवसांत सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेपाच झाले होते. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. नऊच्या सुमाराला त्या मुलाचा फोन आला, इमर्जन्सी रूममधून. चढताना निभावलं होतं. उतरताना एका तिरप्या कातळावर तिचा पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. दोन अनोळखी गिर्यारोहकांनी हात बांधून, टॉर्चच्या उजेडात त्यांना खाली आणलं. मग ती फोनवर आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. चूक आमचीच."

तिने दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या रात्री वाटलं.

माझे मित्र म्हणाले, "ती काय लहान मुलं होती? ज्याने त्याने आपलं पाहावं." कायदाही जवळपास हेच म्हणतो. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणे डोंगरात अडकलेल्या माणसाकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो. त्याला "जमेल" म्हणणाऱ्याकडून नाही. पत्नी मात्र म्हणाली, "त्यांनी डोंगराबद्दल विचारलं. तुम्ही स्वतःबद्दल उत्तर दिलंत."

त्या वाक्याने माझी झोप उडवली. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच जमलं होतं. पण जे माझ्या पायात होतं ते त्यांच्या पायात नव्हतं, आणि नेमकं तेवढंच मी सांगितलं नाही. खरं बोलणं म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं, एवढंच का? की तो अनुभव कशाच्या आधारावर मिळाला हेही सांगणं? श्रेष्ठ जे करतो त्याचंच इतर लोक अनुकरण करतात, असं गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. मी कुठला श्रेष्ठ! पण वरून उतरणारा माणूस वर जाणाऱ्यासाठी तेवढ्यापुरता श्रेष्ठच असतो.

परदेशात आपण हे सतत करत असतो. नव्याने आलेल्याला सांगतो, "घाबरू नकोस, आम्हीही दोन बॅगा घेऊनच आलो होतो." मी आलो तेव्हा पहिले चार महिने थोरल्या भावाच्या घरी राहिलो. भाडं नाही, जेवणाची चिंता नाही. पुढे ही हकिकत सांगताना दोन बॅगा आठवल्या, भाऊ गळला. तोच माझ्या पायातला काटा होता.

म्हणून सगळ्यांना घाबरवून परत पाठवायचं का? तेही बरोबर नाही. डोंगर त्यांचाही आहे. "आमच्या पायात हे आहेत, तुमच्याकडे आहेत का? नसतील तर पहिल्या गोठलेल्या कातळापासून परत फिरा, डोंगर कुठे जात नाही," इतकं बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

आता माझ्या सॅकमध्ये एक जोडी जास्तीची असते. तिचं मनगट सहा आठवड्यांनी प्लास्टरमधून सुटलं. आजही ती दोघं घरी येतात, आणि ती मला काकाच म्हणते.

यंदाच्या उत्सवातही काही नवे चेहरे दिसतील. प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारेल, "इथे कसं आहे? जमेल ना?" उत्तर देण्याआधी आपण सगळ्यांनीच एकदा खाली, आपापल्या पायांकडे पाहू या.