मन शाबूत नसेल तर?



मोटर न्यूरॉन या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हातपाय लुळे पडतात, बोलणे व गिळणे अवघड होते. ‘शरीर थकले तरी मन शाबूत आहे,’ असा धीर आपण घरच्यांना देतो. स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण सांगतो. १९६३ साली, ऐन एकविशीत त्यांना हा आजार असल्याचे कळले. तरीही १९८६ मध्ये ते व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

उदाहरण खरे आहे, पण सर्वांचे नव्हे. हालचालींशी थेट संबंध नसलेल्या मेंदूच्या भागांतील दळणवळणही या आजारात बदलते, असे एमआरआय तपासण्यांत दिसून आले आहे. सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारांत किंवा वागण्यात फरक पडतो. प्रेमळ पती बेफिकीर होतो. पत्नीला वाटते, ‘हा माझा माणूसच राहिला नाही.’

मग माणसाचे मोल कशावर ठरते? शाबूत बुद्धीवर ठरत असेल, तर बुद्धी ढळताच ते संपेल. संत थॉमस अक्वायनस सांगतात, आत्मा शरीरात नावेतल्या नावाड्यासारखा बसलेला नसतो; आत्मा व शरीर मिळून एकच माणूस असतो. म्हणून मेंदू आजारी पडला की स्वभावालाही झळ लागते. त्या वागण्याला पाप समजू नये. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला माणूस तोच असतो.

अशा घरी जरूर जा. रुग्णापाशी तासभर बसा, म्हणजे त्याच्या पत्नीला मिस्साला येता येईल.