दाराशी पोलीस आले तर

शिक्षिका : पाळकसाहेब, रविवारी मुलांना फ्रान्समधल्या ल शाँबों गावाची गोष्ट सांगायचीय, पण एका ठिकाणी अडतंय. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि लपलेल्या ज्यूंची नावं मागू लागले. पास्टर आंद्रे ट्रॉक्मे यांनी साफ नकार दिला. इथवर सोपं आहे. पण पुढे त्याच गावात ऑस्कर रोझोव्स्की नावाचा तरुण खोटी ओळखपत्रं बनवायचा आणि ती मधमाश्यांच्या पेट्यांत दडवली जायची. मुलं विचारतील, "बाई, मग खोटं चालतं का?"

पाळक : चालतं, असं सरसकट सांगू नका. बायबलच्या निर्गमातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणी आठवा. फारोला त्यांनी थाप मारली म्हणून इब्री बाळं जगली, आणि देवानं त्यांचं भलं केलं.

शिक्षिका : म्हणजे चालतंच की! टिळकांनीही गीतारहस्यात कौशिकाची गोष्ट घेतलीय. दरोडेखोरांना त्यानं लपलेल्या माणसांची खरी वाट दाखवली, ती मारली गेली आणि तो सत्यवादी नरकात गेला.

पाळक : आणि १७९७ मध्ये कांट या तत्त्वज्ञानं नेमकं उलट लिहिलं. खुनी दाराशी येऊन विचारू लागला तरी खोटं बोलू नये, म्हणाला. त्याचं उत्तर मला पटत नाही, पण त्यामागची धास्ती पटते. एकदा सूट घेतली की ती कुठं थांबवायची? जुलूम करणारेही "आम्ही आमच्या माणसांना वाचवतोय" असंच म्हणतात.

शिक्षिका : मग फरक कसा ओळखायचा?

पाळक : खोट्याची किंमत कोण मोजतो, ते बघायचं. पुढं ट्रॉक्मे भूमिगत झाले तेव्हा त्यांच्या खिशात खोट्या नावाचं ओळखपत्र होतं. लियोंच्या स्टेशनवर पोलिसांनी धरलं, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की थेट विचारलं तर खरं नाव सांगायचं. संधी मिळाली आणि ते निसटले, म्हणून ती वेळ आली नाही. दुसऱ्यांसाठी सगळं गाव कागदांवर खोटं लिहीत होतं, आणि हा माणूस स्वतःच्या जिवासाठी एक खोटा शब्द बोलायला तयार नव्हता.

शिक्षिका : पण ते ओळखले गेले असते, तर त्यांच्यावर विसंबलेल्यांचं काय? मला तो निर्णय धोक्याचा वाटतो.

पाळक : मलाही वाटतो. बाहेरच्या धोक्याबाबत जागं राहणं त्या गावाला चांगलं जमत होतं. धाडीआधी निनावी फोन यायचा, माणसं रानात पांगायची. आपल्या मनाशी जागं राहणं अवघड. खोटं बोलावं लागलं याचं दुःख त्यांच्या पत्नी माग्दा यांना पुढंही राहिलं. मी त्याला दुबळेपणा म्हणणार नाही. ते दुःख उरलं नसतं, तर मला त्यांची काळजी वाटली असती.

शिक्षिका : आणि ट्रॉक्मे यांचे नातलग दानिएल? जून १९४३ मध्ये पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली, तेव्हा ते दुसऱ्या घरी होते. पळून जाता आलं असतं. तरी मुलांजवळ गेले, आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत वारले. त्यांच्या जाण्यानं धरलेली सगळी मुलं काही सुटली नाहीत.

पाळक : नाही सुटली.

शिक्षिका : हेही मुलांना सांगू?

पाळक : सांगा. नाहीतर त्यांना वाटेल, धाडस केलं की माणसं वाचतातच.