आतड्याची तिसरी शिफ्ट

पहाटे राजगुरुनगरला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला चाकणच्या बसची वाट पाहणारी पोरं उभी असतात. त्याच वेळी समोरच्या बाजूला नाईट करून आलेली उतरत असतात. उतरणाऱ्यांशी बोलत बसलं की पोटाचा विषय निघतोच. भूक मेलीय, जळजळतंय, पोट साफ होत नाही. त्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो : टेन्शन घेऊ नकोस.

हा सल्ला मला खटकतो. दुखणं पोटाचं असताना दोष पोराच्या मनाला लागतो.

ही खोड जुनी आहे. १९३६ मध्ये हान्स सेली यांना थंडी, इजा, अतिश्रम सोसलेल्या उंदरांच्या जठरात व्रण दिसले आणि पुढे कित्येक वर्षं अल्सर हा काळजीखोरांचा आजार ठरला. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला, तेव्हा कुठे तो डाग पुसट झाला.

ताण पेशीलाही येतो, आणि तिथे मनाचा संबंध असावाच लागतो असं नाही. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. त्यातल्या काही पेशी अखंड श्लेष्म बनवतात. जिवाणूंना लांब ठेवणारा बुळबुळीत थर तो हाच. त्याची प्रथिनं पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत नीट घडी पडल्यावरच पुढे जातात. घडी चुकलेला माल साचला, की पेशी नवं उत्पादन कमी करते, घडी घालणारे मदतनीस वाढवते, बिघडलेलं मोडीत काढते. तरीही आवरलं नाही, तर स्वतःला संपवते. रिजेक्शन वाढलं की लाइन का थांबवतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांना पेशीतल्या या यंत्रणेच्या शोधासाठी २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

२००८ मध्ये उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून या यंत्रणेतलं एक्सबीपी-१ हे एकच जनुक काढलं गेलं. लहान आतड्याला आपोआप सूज आली. माणसातल्या क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारांशीही या जनुकातल्या बदलांचं नातं सापडलं. नाईटवाल्याची प्रत्येक जळजळ म्हणजे असा आजार, असं मुळीच नाही. पण आतड्याच्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं, रात्री आतड्याची हालचाल मंदावते, आणि रात्री दोनला कॅन्टीनमधलं ताट समोर येतं. पाळ्या बदलणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी जास्त असतात, हे अनेक देशांत दिसलं आहे.

आमच्या शेजारच्या मुलाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पोटासाठी तो दवाखान्यात जाऊन आला, तेव्हा डॉक्टरांनी काय विचारलं, म्हणून मी चौकशी केली.

"तिखट खातोस का, दारू घेतोस का."

"आणि शिफ्ट?"

"ते नाही विचारलं, काका."

काल त्याने केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मागच्या सहा आठवड्यांच्या पाळ्या आणि जेवणाच्या वेळा लिहून काढल्या.