एकादशी आणि दुप्पट खाशी

ज्यास क्लाउड म्हणतात तो आकाशांतील मेघ नव्हे. तीं जमिनीवरचीं प्रचंड यंत्रगृहें होत. २००६ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन कंपनी संगणकांची शक्ति तासांच्या हिशेबानें भाड्यानें देऊं लागली. तेव्हांपासून स्वतःचीं यंत्रें घेऊन तीं बहुतेक वेळ रिकामीं ठेवण्याचें व्यापाऱ्यास कारण उरलें नाहीं. लहान धंदेवाल्याची भांडवलाची अडचण दूर झाली. आणि एकच यंत्र अनेकांच्या उपयोगीं पडूं लागल्यानें विजेचीही बचत झाली. २०१० ते २०१८ या काळांत जगांतील यंत्रगृहांचें काम सुमारें साडेसहापट झालें, वीजखर्च मात्र शेंकडा ६ च वाढला, असा संशोधकांचा अंदाज आहे.

हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या काटकसरीस पुण्य म्हणावें काय? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानें १८६५ सालींच बजावलें होतें कीं, कमी कोळशांत चालणारें एंजिन निघालें म्हणजे कोळशाचा एकूण खप उलट वाढतो. कारण स्वस्ताई नवी मागणी उत्पन्न करते. आयर्लंडमध्यें मीटरवर मोजलेल्या विजेपैकीं यंत्रगृहांचा वांटा २०१५ सालीं शेंकडा ५ होता. २०२३ सालीं तो २१ झाला.

आमच्या मतें काटकसर हा यंत्राचा गुण होऊं शकतो, संयम हा माणसाचाच. पहिला भाड्यानें मिळतो. दुसरा ज्याचा त्यानेंच संपादन करावा लागतो. वांचलेल्या विजेचें काय करावयाचें हें न ठरवितां बचतीचें श्रेय घेणें म्हणजे एकादशीच्या नांवानें दुप्पट जेवणेंच होय.